कृष्णवर्णीय महिला नेत्यांची चूक एवढी मोठी का होते?

२ मे २०१७. ब्रिटनमध्ये संसदेच्या निवडणुकीचा प्रचार रंगात आला होता. मजूर पक्षाच्या डायॅन अ‍ॅबट तेव्हा छाया गृहमंत्री होत्या, म्हणजे पक्ष सत्तेवर आला असता तर गृहखातं त्यांच्याकडे जाण्याची शक्यता होती. त्या दिवशी त्या एलबीसी या रेडिओ वाहिनीवर निक फेरारी यांना मुलाखत देत होत्या. पक्षाने दहा हजार नवे पोलीस भरण्याचं आश्वासन दिलं होतं. खर्च किती येईल, असा साधा प्रश्न आला. अ‍ॅबट म्हणाल्या, तीन लाख पौंड. मग त्यांना पगार तरी काय देणार, असं मुलाखतकाराने विचारल्यावर त्या आठ कोटींवर गेल्या. पक्षाचा खरा आकडा होता तीस कोटी. मध्येच थांबणं, आकडे पुन्हा पुन्हा बदलणं, सगळं ऐकणाऱ्याला कळत होतं. मुलाखत वाईट झाली, यात वादच नाही.

त्याच महिन्यात हुजूर पक्षाचे अर्थमंत्री फिलिप हॅमंड बीबीसी रेडिओवर बोलत होते. ‘एचएस २’ या नव्या वेगवान रेल्वेमार्गाचा खर्च त्यांनी ३२ अब्ज पौंड सांगितला. प्रत्यक्षात तो ५२ अब्ज होता. देशाच्या तिजोरीचा हिशेब ज्यांच्या हाती, ते २० अब्ज पौंडांनी चुकले. मजूर पक्षाचे नेते जेरेमी कॉर्बिन यांनाही बीबीसीच्या मुलाखतीत पाळणाघरांच्या योजनेचा खर्च सांगता आला नाही, आणि तो शोधायला ते टॅब्लेट चाळत बसले. निवडणूक झाल्यावर परराष्ट्रमंत्री बोरिस जॉन्सन आपल्याच सरकारच्या कार्यक्रमावर विचारलेल्या प्रश्नांना रेडिओवर अडखळले.

यातल्या चारही बातम्या छापून आल्या. पण हॅमंड यांच्या २० अब्जांची आठवण आज किती जणांना आहे? अ‍ॅबट यांची ध्वनिफीत मात्र वर्षानुवर्षं फिरत राहिली. ‘हिला हिशेब येत नाही’ ही त्यांची ओळखच होऊन बसली. पुढे त्या कुठल्याही विषयावर बोलल्या तरी खाली तो आकडा चिकटवलेला असायचा.

माध्यमांचा अन्याय ओळखायचा तर याच जागी बघावं लागतं. एकेकटी बातमी वाचली तर तीत खोटं काही सापडत नाही. अ‍ॅबट चुकल्या होत्या आणि तसं छापून आलं. पण तीच चूक करणाऱ्या दुसऱ्या माणसाची बातमी शेजारी ठेवली की फरक दिसतो. एकाची चूक दोन दिवसांत विरते आणि दुसरीची तिचा स्वभाव ठरते. म्हणून ‘टीका झाली’ एवढ्यावर मी तरी अन्याय म्हणणार नाही. टीका किती झाली, किती दिवस चालली, कशाच्या जोडीला झाली आणि तशाच चुकीसाठी इतरांवर किती झाली, हे विचारल्याशिवाय या विषयावर बोलण्यात अर्थ नाही.

ज्यांच्याबद्दल हे सगळं चाललं होतं त्या बाईंची पार्श्वभूमी थोडी सांगते. जमैकाहून आलेल्या आईवडलांच्या पोटी लंडनमध्ये १९५३ साली जन्म. वडील वेल्डर, आई परिचारिका. केंब्रिजमध्ये इतिहासाचं शिक्षण. १९८७ साली पूर्व लंडनमधल्या हॅकनी भागातून त्या निवडून आल्या आणि ब्रिटनच्या संसदेतल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला खासदार ठरल्या. दुसरी कृष्णवर्णीय महिला यायला १९९७ उजाडलं. तोवर दहा वर्षं हाउस ऑफ कॉमन्समध्ये त्या एकट्याच. एवढी वर्षं एकच चेहरा समोर असला की वर्तमानपत्रांना सवय लागते. कृष्णवर्णीय बाई राजकारणात आली की काय होतं, याचं उदाहरण म्हणून प्रत्येक वेळी त्याच. शेकडो गोऱ्या पुरुष खासदारांपैकी एखादा चुकला तर तो त्याच्यापुरता चुकतो. अ‍ॅबट चुकल्या की सगळ्या जमातीचा निकाल लागायचा.

२०१७च्या त्या निवडणुकीत नेमकं काय झालं, हे अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवी हक्क संघटनेने मोजलं. वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांत १७७ महिला खासदारांना उद्देशून झालेली नऊ लाखांहून अधिक ट्विट त्यांनी तपासली. मतदानाआधीच्या सहा आठवड्यांत महिला खासदारांना जितकी शिवराळ ट्विट आली, त्यांपैकी सुमारे ४५ टक्के एकट्या अ‍ॅबट यांना होती. त्यांचे आकडे बाजूला काढले, तरी उरलेल्या कृष्णवर्णीय आणि आशियाई महिला खासदारांना गोऱ्या सहकाऱ्यांपेक्षा ३५ टक्के जास्त शिवीगाळ झालेली होती. पुढच्या वर्षी याच संस्थेने ब्रिटन आणि अमेरिकेतल्या ७७८ महिला पत्रकार आणि राजकारण्यांचा अभ्यास केला. त्यात कृष्णवर्णीय स्त्रियांना शिवराळ किंवा आक्षेपार्ह ट्विटमध्ये ओढलं जाण्याची शक्यता गोऱ्या स्त्रियांपेक्षा ८४ टक्क्यांनी जास्त निघाली.

मतदानाच्या आदल्या दिवशी अ‍ॅबट प्रकृतीच्या कारणाने छाया गृहमंत्रिपदावरून बाजूला झाल्या. आपल्याला टाइप २ मधुमेह आहे, प्रचाराच्या धावपळीत खाण्यापिण्याचं वेळापत्रक बिघडून साखर हाताबाहेर गेली होती, हे त्यांनी नंतर सांगितलं. इकडे हॅकनीच्या मतदारांनी त्यांना ७५ टक्के मतं दिली आणि ३५ हजारांहून जास्त मताधिक्याने निवडून पाठवलं. जे लोक त्यांना तीस वर्षं जवळून बघत होते त्यांचं मत आणि पहिल्या पानांवरचं मत यांत एवढं अंतर होतं.

ट्विट सामान्य लोकांची, त्यांचं खापर वर्तमानपत्रांवर का, असं कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. त्याच वर्षी जुलैमध्ये संसदेत याच विषयावर चर्चा झाली, तेव्हा अ‍ॅबट यांनी आपल्याला आलेल्या शिव्या सभागृहात वाचून दाखवल्या. त्या म्हणाल्या, मी खासदार झाले तेव्हा कोणाला शिवी द्यायची तर पत्र लिहावं लागायचं, तेही बहुधा हिरव्या शाईत, मग पाकिटात घाला, तिकीट लावा, पेटीपर्यंत चालत जा. आता बटण दाबलं की झालं. शिवी देणं सोपं झालं, हे खरंच. पण कोणाला द्यायची, हे लोकांना रोज कोण सुचवतं? मथळ्यात एक शब्द येतो, संध्याकाळपर्यंत त्याचं मीम होतं, रात्री टीव्हीवर ‘सोशल मीडियावर खिल्ली’ अशी नवी बातमी होते आणि सकाळी स्तंभलेखक त्यावर लिहितो. या फेऱ्यात प्रत्येक जण म्हणतो की मी फक्त दुसऱ्याने म्हटलेलं सांगितलं. एप्रिल २०१९ मध्ये अ‍ॅबट लंडनच्या लोकलमध्ये कॅनमधून मोहितो पिताना कोणीतरी त्यांचा फोटो काढला. तिथल्या सार्वजनिक वाहतुकीत दारू प्यायला बंदी आहे, त्यामुळे चूक होती, आणि त्यांनी माफीही मागितली. पण तो फोटो एका राष्ट्रीय वर्तमानपत्राची ठळक बातमी झाला.

आता मूळ गुंत्याकडे येते. स्त्रियांवर अन्याय होतो, हे आपल्याला माहीत असतं. वर्णद्वेषही माहीत असतो. मग कृष्णवर्णीय स्त्रीचा प्रश्न वेगळा का मांडायचा? याचं सगळ्यांत स्वच्छ उत्तर अमेरिकेतल्या एका खटल्यात मिळतं. जनरल मोटर्स या मोटार कंपनीवर एमा डीग्रॅफनरीड आणि आणखी चार कृष्णवर्णीय स्त्रियांनी दावा लावला. कंपनीने १९६४ पूर्वी कृष्णवर्णीय स्त्रियांना कामावरच घेतलं नव्हतं. नंतर मंदीत कपात करताना ‘शेवटी आलेले आधी जातील’ हा नियम लावला, आणि उशिरा आलेल्या या बायका साहजिकच गेल्या. १९७६ साली न्यायालयाने त्यांचं म्हणणं मान्य केलं नाही. न्यायालयाचं म्हणणं असं की कंपनी स्त्रियांना नोकरी देत होती, म्हणजे लिंगभेद नाही. पण त्या स्त्रिया गोऱ्या होत्या आणि कचेरीत काम करत होत्या. वंशभेदाची तक्रार असेल तर ती इतर कृष्णवर्णीयांच्या दाव्यात मिसळा, असंही न्यायालयाने सुचवलं. पण कंपनीतले कृष्णवर्णीय कामगार बहुतेक पुरुष होते आणि कारखान्यात होते. दोन्ही रकाने तपासले गेले आणि या बायका दोन्हींतून निसटल्या. किंबर्ली क्रेनशॉ या कायद्याच्या अभ्यासक बाईंनी १९८९ साली हाच खटला पुढे ठेवून दाखवलं की दोन भेद एकत्र आले की तिसरंच काही तयार होतं, आणि ते दोन्हींची बेरीज करून सापडत नाही.

माध्यमांतही तेच घडतं. गोरी महिला नेता असेल तर तिच्या कपड्यांवर, आवाजावर, लग्नावर लिहितात. कृष्णवर्णीय पुरुष असेल तर तो धोकादायक किंवा उपरा ठरतो. कृष्णवर्णीय स्त्रीच्या वाट्याला एक खास ठरीव साचा येतो, तो म्हणजे सतत चिडलेली, अंगावर येणारी, कजाग बाई. अमेरिकेत हा साचा जुन्या विनोदी तमाशांतून आला आणि विसाव्या शतकाच्या मध्यात रेडिओ आणि टीव्हीवरच्या लोकप्रिय मालिकांनी तो घराघरांत नेला. नवऱ्यावर सदैव खेकसणारी काळी बायको हे त्यातलं हमखास हशा मिळवणारं पात्र होतं. मालिका बंद पडल्या, साचा राहिला. ऑक्टोबर २०२०च्या उपराष्ट्राध्यक्षपदाच्या वादसभेत तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष माइक पेन्स मध्येच बोलायला लागल्यावर कमला हॅरिस शांतपणे म्हणाल्या, मी बोलते आहे. दुसऱ्या दिवशी डोनाल्ड ट्रम्प यांनी फोनवरून दिलेल्या मुलाखतीत त्यांना ‘मॉन्स्टर’ म्हटलं. हॅरिस हसल्या तर त्यांच्या हसण्याच्या चित्रफिती वेगळ्या काढून फिरवल्या गेल्या. चिडायचं नाही आणि हसायचंही नाही, मग त्या बाईने चेहऱ्याचं करायचं काय?

हे आजचं नाही. १९६८ साली ब्रुकलिनमधून अमेरिकी काँग्रेसमध्ये गेलेल्या शर्ली चिझम या तिथल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला सदस्य. १९७२ साली त्यांनी डेमोक्रॅटिक पक्षाकडून राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागितली. टीव्हीवरच्या वादसभांतून त्यांना वगळलं गेलं. कायद्याचा आधार घेऊन भांडल्यावर कुठे एका भाषणापुरती वेळ मिळाली. हसून सोडून देण्याजोगी उमेदवारी, असा बऱ्याच वार्तांकनाचा सूर होता. तरीही मायामीच्या अधिवेशनात १५२ प्रतिनिधींनी त्यांना मत दिलं. ब्लॅक पँथर पक्षाने त्यांना जाहीर पाठिंबा दिला होता. त्याच वर्षी, त्याच पक्षाचं नाव घेऊन मुंबईत दलित पँथर उभी राहिली, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. पण पँथरच्या नावाने आपण जेवढं बोलतो त्यात चिझम क्वचितच येतात, याची मला खंत वाटते. टीव्हीने त्यांना दाखवलंच नाही, तर त्या इथवर पोचणार कशा? अन्यायाची ही दुसरी तऱ्हा. वाईट लिहिण्याऐवजी लिहायचंच नाही.

हॅरिस यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट झाली, आणि तिथे आपलाही हात आहे. ऑगस्ट २०२०मध्ये त्यांना उपराष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मिळाली आणि लगेच न्यूजवीकने एक लेख छापला. आईवडील स्थलांतरित होते म्हणून त्या या पदाला पात्र आहेत का, अशी शंका त्यात घेतली होती. हॅरिस यांचा जन्म कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचा, म्हणजे शंकेला जागाच नव्हती. नियतकालिकाने काही दिवसांत माफी मागितली. जुलै २०२४मध्ये शिकागोत, तेही कृष्णवर्णीय पत्रकारांच्या संमेलनात, ट्रम्प म्हणाले की या आधी भारतीय होत्या आणि मध्येच काळ्या झाल्या. हॅरिस यांचे वडील जमैकाचे. त्या शिकल्या हॉवर्ड विद्यापीठात, जे कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी प्रसिद्ध आहे, आणि तिथून बाहेर पडल्या १९८६ साली.

ट्रम्प यांच्या त्या वाक्यावर आपण संतापलो. पण आपल्या वर्तमानपत्रांनी तरी काय केलं होतं? ‘भारतीय वंशाच्या कमला हॅरिस’ हा मथळा. तमिळनाडूतलं त्यांच्या आजोबांचं तुळसेंद्रपुरम गाव, तिथल्या देवळातली पूजा, फटाके, इडली. जमैकाचे वडील एका वाक्यात उरकले, कधी तेवढंही नाही. ज्या ओळखीवर त्या शाळेपासून उभ्या होत्या, ती आपण सोयीने गाळली, कारण अभिमान मिरवायला आपल्याला फक्त आईची बाजू हवी होती. हेतू वाईट नव्हता. तरी आपणही त्या बाईचा अर्धा भागच छापला.

कधी अन्याय इतका साधा असतो की हेतू शोधायचीही गरज नाही. फेब्रुवारी २०२०मध्ये बीबीसीने खासदार मार्शा डी कॉर्डोव्हा भाषण करत असताना पडद्यावर डॉन बटलर असं नाव दाखवलं. दोघी कृष्णवर्णीय, बाकी साम्य काही नाही. या चुकीची बातमी लंडनच्या इव्हनिंग स्टँडर्डने दिली आणि तीत डी कॉर्डोव्हा म्हणून फोटो लावला तिसऱ्याच कृष्णवर्णीय महिला खासदाराचा, बेल रिबेरो अ‍ॅडी यांचा. यामागे कट नव्हता. त्या खोलीत फोटो बघून ‘अरे, ही ती नव्हे’ म्हणणारं कोणी नव्हतं, एवढंच. लंडनच्या सिटी युनिव्हर्सिटीने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ब्रिटनमधले ९४ टक्के पत्रकार गोरे होते आणि कृष्णवर्णीय अवघे ०.२ टक्के, तर लोकसंख्येत कृष्णवर्णीय साधारण तीन टक्के.

फ्रान्समध्ये तर काही नियतकालिकांनी आडपडदाही ठेवला नाही. क्रिस्तियान तोबिरा या फ्रेंच गयानातून आलेल्या नेत्या न्यायमंत्री असताना २०१३ साली ‘मिन्यूत’ या साप्ताहिकाने त्यांची तुलना माकडाशी करणारा मथळा मुखपृष्ठावर छापला. २०२० साली ‘व्हालर आक्तुएल’ने खासदार दानिएल ओबोनो यांना गळ्यात लोखंडी कडं घातलेली गुलाम म्हणून चितारलं, आणि वर ही ‘राजकीय कथा’ असल्याचं सांगितलं. दोन्ही प्रकरणांत न्यायालयाने नियतकालिकांना दोषी ठरवून दंड केला.

पण उघड अपमानापेक्षा मला जास्त बोचतो तो मार्च २०२४चा प्रसंग. द गार्डियनने बातमी दिली की हुजूर पक्षाला एक कोटी पौंडांची देणगी देणारे उद्योजक फ्रँक हेस्टर २०१९ साली एका बैठकीत अ‍ॅबट यांच्याबद्दल भयंकर बोलले होते. त्यांना टीव्हीवर बघितलं की सगळ्या काळ्या बायकांचा तिरस्कार करावासा वाटतो, आणि त्यांना गोळी घातली पाहिजे, असा त्याचा आशय. हेस्टर यांनी उद्धटपणाबद्दल माफी मागितली, पण त्याचा वर्णाशी आणि स्त्री असण्याशी संबंध नाही असंही म्हटलं. दोन दिवस प्रत्येक वाहिनीवर चर्चा. हे वर्णद्वेषी होतं का, देणगी परत करावी का, पंतप्रधान अडचणीत येतील का. १३ मार्चला पंतप्रधानांच्या प्रश्नोत्तरांत हा विषय निघाला. अ‍ॅबट सभागृहात होत्या. बोलायची संधी मिळावी म्हणून त्या ४६ वेळा उभ्या राहिल्या. सभापतींनी एकदाही त्यांचं नाव पुकारलं नाही. वेळ संपली, असं नंतर सांगण्यात आलं. ज्या बाईला गोळी घालायची भाषा झाली तिच्याविषयी सगळे बोलले, फक्त तीच बोलली नाही.

आता अ‍ॅबट यांच्यावर झालेली सगळीच टीका अन्याय्य होती का? नाही. एप्रिल २०२३मध्ये ‘ऑब्झर्व्हर’ या ब्रिटिश वृत्तपत्राला लिहिलेल्या पत्रात त्यांनी म्हटलं की ज्यू, आयरिश आणि भटक्या समाजाला पूर्वग्रह सोसावे लागतात, पण ते कृष्णवर्णीयांसारखे आयुष्यभर वर्णद्वेष सोसत नाहीत. ज्यू समाजाचा इतिहास पाहता हे विधान चूक होतं आणि दुखावणारंही होतं. त्यांनी ते मागे घेतलं, पक्षाने त्यांना वर्षभराहून जास्त काळ संसदीय गटाबाहेर ठेवलं. त्या पत्रावर लिहिलेले कडक लेख मला रास्तच वाटले, कारण ते विधानाबद्दल होते. त्याच लेखात मध्येच सहा वर्षांपूर्वीची पोलिसांच्या खर्चाची मुलाखत घुसली की ते लेख विधानाबद्दल उरत नव्हते. २०२४च्या निवडणुकीत अ‍ॅबट पुन्हा जिंकल्या आणि सर्वाधिक काळ सलग संसदेत असलेल्या महिला खासदार म्हणून ‘मदर ऑफ द हाउस’ झाल्या.

ही कसोटी आपल्याला न पटणाऱ्या नेत्यालाही लावता आली पाहिजे. नोव्हेंबर २०२४मध्ये केमी बेडनॉक हुजूर पक्षाच्या नेत्या झाल्या. ब्रिटनच्या मोठ्या पक्षाचं नेतृत्व करणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय व्यक्ती. स्थलांतर, वर्णद्वेष, वसाहतवाद या सगळ्यांवर त्यांची मतं अ‍ॅबट यांच्या अगदी उलट, आणि मलाही ती पटत नाहीत. त्यांच्या विजयानंतर डॉन बटलर यांनी, म्हणजे बीबीसीने जिचं नाव दुसरीला चिकटवलं त्याच खासदाराने, बेडनॉक यांचं राजकारण म्हणजे काळा मुखवटा चढवलेला गोरा वर्चस्ववाद आहे असं म्हणणारी पोस्ट पुढे पाठवली, मग काढून टाकली. मतभेद धोरणांशी असताना कातडीवर जायचं कारण नव्हतं. त्याआधी बेडनॉक यांच्याच पक्षाचे खासदार क्रिस्टोफर चोप म्हणाले होते की त्यांचं लक्ष मुलांमध्ये फार असतं, म्हणून आपला पाठिंबा प्रतिस्पर्धी रॉबर्ट जेनरिक यांना. जेनरिक यांनाही तीन मुली आहेत. टोनी ब्लेअर, डेव्हिड कॅमेरून आणि बोरिस जॉन्सन या तिघांना तर पंतप्रधानपदावर असतानाच मुलं झाली, आणि वर्तमानपत्रांनी बाळांचे फोटो कौतुकाने छापले.